ओढलेल्या श्वासाचे सूर

'हार्प' म्हटले की पुष्कळ तारांचे, माणसाएवढे उभे वाद्य डोळ्यांपुढे येते. परंतु अमेरिकेतील ब्लूज वाजविणारे हार्प म्हणतात ते आपल्या ओळखीच्या माऊथ ऑर्गनला. खिशात मावणारी ही दहा छिद्रांची पेटी आपल्यांत मुलांचे खेळणे समजली जाते. जत्रेत घ्यावी, दोन दिवस फुंकावी आणि विसरावी! या समजुतीपायी एका उत्तम वाद्याला आपण मुकतो, असे आमचे मत आहे.

पेटी जर्मनीची. ट्रॉसिंगेन गावच्या होनर कारखान्याचा 'मरीन बँड' हा नमुना १८९६ पासून प्रसिद्ध आहे. आत धातूच्या वीस बारीक पट्ट्या असतात. प्रत्येक छिद्रात एक पट्टी फुंकल्यावर बोलते, दुसरी श्वास आत ओढल्यावर. भजनातल्या हार्मोनियमचे आणि हिचे कूळ एकच. साध्यासोप्या चाली वाजवाव्यात एवढ्याच बेताने ती घडविलेली होती.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांनी, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांच्या मुलानातवंडांनी, ही स्वस्त पेटी हाती घेतली आणि तिचा बेतच उलटा केला. पांढरी एकच्या पेटीवर त्यांनी पांढरी पाचचा सा धरला. आता दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढला की सा, तिसऱ्यातून ग, चौथ्यातून प आणि पाचव्यातून कोमल निषाद. जर्मन पेटी फुंकण्याने बोलत होती, ब्लूजची पेटी ओढलेल्या श्वासाने बोलू लागली. या पद्धतीला क्रॉस हार्प म्हणतात.

पण खरी गंमत तिसऱ्या छिद्रात आहे. तेथे श्वास ओढताना तोंडाच्या आतली पोकळी बदलली की शुद्ध ग खाली घसरत कोमल ग होतो, आणखी खाली रे, आणि कसलेला वादक त्याला कोमल रेपर्यंत नेतो. छिद्रातील दोन्ही पट्ट्या मिळून हा घसरता स्वर देतात. ही मींडच! हार्मोनियमला मींड येत नाही. तिच्यावर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. तिच्याच कुळातली एवढीशी पेटी मात्र रडते, विव्हळते.

ही मींड शिकवायची कशी? शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला सांगत, आधी दाखवा, मग करवून घ्या. येथे दाखविण्यासारखे काहीच नाही, सारे ओठांच्या आत चालते. सतारीवर गुरूचे बोट तरी दिसते. म्हणून शब्दांचा आधार घ्यावा लागतो. श्वास ओढताना जीभ आधी 'ई' म्हणताना असते तशी ठेवावी आणि हळूहळू 'ऊ' म्हणताना जाते तशी मागे न्यावी. श्वास आत घेत शीळ घालून स्वर उतरविता आला, तर जिभेला वाट सापडलीच म्हणून समजा. जोर मात्र लावू नये. दुसरे छिद्र नवशिक्याकडून हमखास घुसमटते आणि तो दुकानदाराला दोष देतो. पेटी बहुधा चांगलीच असते, घसा आवळलेला असतो. आठवडेच्या आठवडे काही साधत नाही आणि एके दिवशी स्वर अचानक वाकतो. तोवर घरच्यांनी धीर धरावा.

ब्लूजचा साचा सोपा आहे. चार-चार मात्रांची बारा आवर्तने, आणि आधार सा, म व प यांचा. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत उत्तर देतो. प्रत्येक ओळीनंतर जी जागा सुटते ती हार्पची. भजनात बुवांनी ओळ सोडली की टाळकरी उचलतात, तसेच हे. म्हणून शिकणाऱ्याने आधी गप्प राहायला शिकावे. फार वाजविणारा वादक गाणे बुडवतो.

ऐकण्यासाठी लिट्ल वॉल्टर यांची १९५२ ची 'ज्यूक' ही तबकडी घ्यावी. मायक्रोफोन आणि पेटी एकाच मुठीत धरून त्यांनी तिला भरदार, नवाच आवाज दिला. १९६८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या आधीचे डीफर्ड बेली टेनेसीचे. लहानपणी पोलिओ झालेला, शरीर खुजे. आगगाडीची नक्कल ते अशी करीत की रुळांवर चाके धावल्याचा भास व्हावा. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाने त्यांना नाव दिले आणि १९४१ मध्ये काढूनही टाकले. पुढे त्यांनी बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले ते २००५ मध्ये!

नवशिक्याने सुरुवात याच आगगाडीने करावी. पहिली-दुसरी छिद्रे एकदम धरून दोनदा ओढावे, दोनदा फुंकावे. आधी सावकाश, स्टेशन सुटल्यावर जलद. श्वास आपोआप तालात येतो. पेटी पांढरी एकचीच घ्यावी. आमच्या दमट बेटावर लाकडी गाभ्याची पेटी फुगते, तिच्या कडा ओठ सोलतात, म्हणून प्लास्टिकच्या गाभ्याची बरी. वाजवून झाल्यावर तळहातावर हलकेच आपटून ओल काढावी आणि लगेच डबीत बंद न करता थोडी वाळू द्यावी.