हंगाम सरताना : एका धावणाऱ्या वैद्याचे टिपण

जानेवारीतील तिसरा रविवार उलटला, मुंबई मॅरेथॉन पार पडली, की आमच्यासारख्या हौशी धावणाऱ्यांचा हंगाम उतरणीला लागतो. पावसाळा सरता सरता यवतेश्वर घाटातील सातारा हिल हाफ मॅरेथॉन, डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई आणि फेब्रुवारीच्या अखेरीस आमच्याच क्लबची मैदानावरील पाच हजार मीटरची धाव, असा आमचा वर्षक्रम. प्रस्तुत लेखक साताऱ्यात गेली बावीस वर्षे चिकित्सा व्यवसाय करतो आणि त्यांपैकी नऊ वर्षे पहाटे धावतो. वय शेहेचाळीस. वेग सांगण्याजोगा नाही. यंदा मुंबईचे बेचाळीस किलोमीटर चार तास एकोणतीस मिनिटांत संपवले, त्यातही पेडर रोडचा चढ निम्मा चालत. 'वैद्याच्या धावण्याशी आम्हांस काय कर्तव्य?' असे वैद्यबंधूंच्या व औषधविक्रेत्या स्नेह्यांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु या हंगामाच्या अखेरीस माझ्या हातून एक गंभीर चूक होता होता राहिली. ती मैदानावर नव्हे, चिकित्सालयाच्या टेबलावर. तिच्याविषयी आपल्यापुढे बोलणे मला आवश्यक वाटते. तत्पूर्वी थोडे धावण्याविषयी.

मॅरेथॉननंतर दोन आठवडे धावायचे नाही, असा क्लबचा दंडक आहे. सगळ्या प्रशिक्षणात पाळायला सर्वांत कठीण भाग हाच. सतरा-अठरा आठवडे अंतर वाढवत नेलेले असते. पहाटे साडेचारला आपोआप जाग येते आणि स्वस्थ पडून राहणे हा अपराध वाटू लागतो. मी पाचव्याच दिवशी बूट चढवले. चारच किलोमीटर, तेही रमतगमत. पाय दुखत नव्हते, धाप लागत नव्हती, तरी शरीर जणू दुसऱ्याचे. पुढील आठवड्यात सकाळची नाडी, जी एरवी मिनिटास चौपन्न असते, ती बासष्टच्या खाली येईना. मध्यरात्री दोनला जाग येई. अन्नावर वासना नव्हती. सर्वांत विलक्षण म्हणजे समोर बसलेल्या रुग्णाने सांगितलेली तक्रार मला दुसऱ्यांदा विचारावी लागे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात क्लमाचे जे वर्णन केले आहे ते येथे आठवावे. आयासाविना शरीरात वाढणारा थकवा, ज्यात श्वास लागत नाही, पण इंद्रिये आपापले विषय नीट ग्रहण करीत नाहीत, तो क्लम. वाग्भटाचार्यांनीही अतिव्यायामाचे परिणाम सांगताना तृष्णा, क्षय, प्रतमक, कास, ज्वर, छर्दी यांच्या बरोबरीने श्रम आणि क्लम ही दोन नावे वेगवेगळी घेतली आहेत. विद्यार्थिदशेत मी हे दोन शब्द पर्यायवाची समजून पाठ केले आणि परीक्षेत गुणही मिळवले. त्यांतील भेद कळायला मला बेचाळीस किलोमीटर आणि वर चार किलोमीटर धावावे लागले. श्रम एका रात्रीच्या निद्रेने जातो. क्लम निद्राच हिरावून घेतो. आधुनिक क्रीडावैद्यक ज्याला ओव्हरट्रेनिंग म्हणते, त्याची पहिली पायरी ओळखण्यास आपल्या संहितेतील हे एक वर्णन पुरेसे आहे, असे माझे मत झाले आहे. मग मी निमूटपणे बूट माळ्यावर ठेवले. रोज सायंकाळी तीळतेलाचा अभ्यंग, उष्णोदकाने स्नान, जेवणात घृत, रात्री नऊला अंथरूण. बाराव्या दिवशी नाडी पूर्वपदावर आली.

अर्धशक्ती हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा रुग्णांस सांगतो. शीतकाळात व वसंतात, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा; इतर ऋतूंत त्याहून मंद. हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर येऊ लागला, कपाळ, नाक व काखेत घाम आला, मुखशोष जाणवला की थांबावे. मधुमेहाच्या रुग्णाला हे सांगताना त्याचा अर्थ 'जपून' असा आपण लावतो. धावणाऱ्याला त्याचा अर्थ निराळा कळतो. लांब अंतराच्या धावपटूची आठवड्यातील बहुतांश धाव ही मुख मिटून, नाकाने श्वास घेत, शेजाऱ्याशी बोलत करता येईल इतक्याच वेगाने व्हावी लागते. वेगाचा सराव त्यात थोडा. अर्धशक्ती ही त्या व्यक्तीची आणि त्या दिवसाची असते. अभ्यासाने बल वाढले की त्याचे अर्धही वाढते. गतवर्षी ज्या वेगाला माझे तोंड उघडत होते त्या वेगाने यंदा मी गप्पा मारत धावलो. उलटपक्षी फेब्रुवारीत चार किलोमीटर हेही अर्धशक्तीच्या पलीकडचे होते.

एक विसंगती मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. वर्षा ऋतूत बल सर्वांत कमी, अग्नी मंद, व्यायाम वर्ज्य. आणि आमचा क्लब नेमका त्याच काळात घाटातील शर्यतीसाठी चढ धावायला काढतो. आषाढातल्या पावसात यवतेश्वर चढताना ऋतुचर्या आठवून मला दर वर्षी ओशाळल्यासारखे होते. याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. आले घातलेला कढत चहा हे उत्तर नव्हे.

स्पर्धेचा प्रश्न तर याहून अवघड. चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाच्या चार हेतूंत पहिला मान साहसाला दिला आहे आणि साहसाची उदाहरणे देताना बलवानाशी झुंज, मोठे धनुष्य ओढणे, अतिभार वाहणे, पाण्यात फार दूर पोहणे यांबरोबर फार लांबचा मार्ग वेगाने आक्रमणे हेही सांगितले आहे. मॅरेथॉनचे याहून नेमके वर्णन कोणते? ॲथलेटिक्स म्हणजे ठरवून, तयारीनिशी केलेले साहस आहे, हे वैद्याने आधी स्वीकारले पाहिजे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये, जिथे मॅरेथॉनचे अंतर बेचाळीस किलोमीटर साडेसातशे मीटर होते, बेळगाव भागातील फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्या चमूच्या मागे पुण्याचे डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा यांची खटपट होती. आमच्याच जिल्ह्यातील माण तालुक्याची ललिता बाबर २०१६ साली रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने जुलै २०२४ मध्ये पॅरिसला तेच अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पार केले. दुष्काळी माळरानावरची ही मुले अर्धशक्तीने थांबली असती तर ही नावे आपणांस ठाऊक झाली नसती. अशा मुलामुलींसमोर संहिता उघडून 'साहस करू नका' म्हणणे निरुपयोगी आहे. ते करणारच. त्यांच्या साहसात आपले औषध भर घालते की विघ्न, एवढेच आपल्या हाती उरते.

आता त्या प्रसंगाकडे वळतो. फेब्रुवारीअखेरची आमची पाच हजार मीटरची धाव म्हणजे चारशे मीटरच्या मैदानावर साडेबारा फेऱ्या. त्यात क्लबमधील एक महाविद्यालयीन मुलगा नेहमीप्रमाणे पहिला आला. मी तीन फेऱ्या मागे होतो. शेतकरी कुटुंबातील, वय वीस, अबोल. तीन आठवड्यांनी त्याची राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा होती. दुसऱ्या दिवशी तो चिकित्सालयात आला. उजव्या मांडीच्या मागील बाजूस स्तंभ, पहाटे अधिक, चालल्यावर कमी, कमरेत किंचित ओढ, पाय जड. हाताच्या सवयीने मी लिहून दिले : त्रयोदशांग गुग्गुळ, बाहेरून महानारायण तेल, आणि विषतिंदुक वटी दिवसातून दोन वेळा, एकवीस दिवस. एकवीस दिवस म्हणजे नेमके त्याच्या शर्यतीपर्यंत.

सायंकाळी दिवे लागता लागता त्याचे प्रशिक्षक आले. निवृत्त क्रीडाशिक्षक, सत्तरीचे. आम्ही सगळेच त्यांना सर म्हणतो. हातात ती पुडी. न बसताच त्यांनी विचारले, "डॉक्टर, यात कुचला आहे का हो?"

मी म्हटले, "आहे ना सर. पण शुद्ध केलेला. गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून, तुपात परतून घेतात. शेकडो रुग्णांना दिलाय."

"शुद्ध असेल हो," सर म्हणाले, "पण तो लघवीत उतरतो का?"

मला उत्तर देता आले नाही. बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

त्या रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, दर वर्षी जी निषिद्ध द्रव्यांची यादी प्रसिद्ध करते, तीत स्पर्धाकाळात निषिद्ध असलेल्या उत्तेजकांमध्ये स्ट्रिक्नीनचे नाव स्पष्ट आहे. कुचल्याच्या बीजातील मुख्य द्रव्य तेच. शोधनाने ते घटते, नाहीसे होत नाही. आणि नियम असा की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. 'वैद्यांनी दिले' ही सबब निर्दोष सुटायला पुरत नाही. हे द्रव्य त्या यादीत उगाच आलेले नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्स याला धावता धावता त्याच्या साहाय्यकांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन पाजले होते, वर ब्रँडी. तो जिंकला, पण शेवटी त्याला स्वतःच्या पायावर उभे राहता येईना. तेव्हा असे करण्यास बंदी नव्हती.

आपल्या कपाटातील विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी, नवजीवन रस, कृमिमुद्गर रस या सर्वांत कुचला आहे. अग्निमांद्यासाठी अग्नितुंडी किती सहज दिली जाते हे औषधविक्रेत्यांना मी सांगायला नको. जातीफलादी चूर्णात भंगा आहे. स्पर्धाकाळात तीही निषिद्ध. सोमलता असलेल्या श्वासाच्या औषधांत एफेड्रीन असते. मूत्रात ते दर मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आढळले तर दोष ठरतो. आणि सांधेदुखीवर 'गुणकारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्या! त्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याचे आपण सारे जाणतो, आणि तरीही गिऱ्हाईक मागते म्हणून काही दुकानांत त्या मिळतात. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. त्या पुडीने एखाद्या आजीबाईंचे हाड ठिसूळ होते. एखाद्या धावपटूची काही वर्षेच जातात. विषमुष्टी परिशिष्ट ई-१ मध्ये असल्यामुळे वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना असतेच. पण देखरेख करणाऱ्या वैद्यालाच यादी ठाऊक नसेल तर ती सूचना कुणासाठी? आपल्या देशात २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदा झाला, नाडाला वैधानिक दर्जा मिळाला; त्या गोष्टीला वर्षे लोटली तरी माझ्या परिचयातील एकाही वैद्याच्या टेबलावर ती यादी मला दिसली नाही. माझ्याही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः मैदानावर गेलो आणि वटी परत घेतली. सुदैवाने मुलाने एकही गोळी घेतली नव्हती. सरांनी पुडी आधीच काढून घेतली होती. गुग्गुळाची घटकद्रव्ये सरांसमोर एकेक करून वाचून दाखवली, मग तो ठेवला. तेलाचा अभ्यंग, नाडीस्वेद, चार दिवस धाव बंद. चार दिवस धाव बंद म्हटल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला चांगलेच परिचयाचे होते. "मीही पाचव्या दिवशी धावलो होतो," मी त्याला सांगितले आणि क्लमाची सारी हकीकत ऐकवली. तो प्रथमच हसला. चार दिवस त्याने खरोखर पाळले.

स्पर्धेत तो सातवा आला. त्याची चाचणी झालीच नाही; नमुने दुसऱ्याच कुणाचे घेतले गेले. वटी घेतली असती तरी कदाचित काहीच झाले नसते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला हे मी लपवत नाही.

सध्या माझ्या केसपेपरवर वय आणि व्यवसाय यांच्या खाली एक नवी ओळ आहे : 'स्पर्धेत उतरता का? केव्हा?' शेजारच्या औषधविक्रेत्याने कुचला, भंगा व सोमलता असलेल्या कल्पांची नावे लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. त्याच्या मते निम्मी गिऱ्हाइके कुस्तीच्या तालमीतली आहेत, तेव्हा हे आधीच व्हायला हवे होते. मी पुन्हा धावू लागलो आहे, तीन किलोमीटर, मुख मिटून. सरांचे विचारणे मात्र थांबलेले नाही. परवा ते अणुतैलाची बाटली घेऊन आले. आम्ही दोघांनी त्यातील द्रव्ये एकेक करून वाचली; शेळीच्या दुधापर्यंत आलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.