बटणाखाली दडलेला करार

ऑनलाइन कराराचा वाद न्यायालयात गेला की ग्राहकाने अटी वाचल्या होत्या का, यावर फारशी चर्चा होतच नाही. न्यायाधीश बघतात तो स्क्रीन. अटींची लिंक कुठे होती, कोणत्या रंगात होती, बटण दाबताना दिसत होती का? कोट्यवधी ग्राहकांचे हक्क अशा बारक्या गोष्टींवर ठरलेत.

पहिला गाजलेला किस्सा नेटस्केपचा. कंपनीने ‘स्मार्टडाउनलोड’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं. डाउनलोड मध्येच तुटलं, तर थांबलं तिथून पुढे सुरू करणं हे त्याचं काम. हे सॉफ्टवेअर आमच्या डाउनलोडची माहिती गुपचूप कंपनीला पाठवतं, असा आरोप करत काही ग्राहक न्यायालयात गेले. कंपनी म्हणाली, तुम्ही करार मान्य केलाय, आता न्यायालयाऐवजी लवादाकडे जा. मग ते वेबपान तपासलं गेलं. डाउनलोडचं बटण वर होतं. ‘आधी अटी वाचून मान्य करा’ ही ओळ त्याच्या खाली, पुढच्या स्क्रीनवर. पान सरकवल्याशिवाय ती दिसायचीच नाही. याच कंपनीच्या ‘कम्युनिकेटर’ या ब्राउझरमध्ये मात्र अटी समोर यायच्या आणि होकाराचं बटण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नसे. नीट विचारायचं कसं, हे कंपनीला ठाऊक होतं! 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने लवादाची मागणी फेटाळली. निकाल लिहिला होता सोनिया सोटोमायोर यांनी. पुढे त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

उबरचा किस्सा याहून बोलका. 2017 मध्ये याच अपील न्यायालयाने उबरचा करार ग्राह्य धरला. नोंदणीचा स्क्रीन पांढरा, मोकळा होता. सगळा मजकूर एका नजरेत मावत होता आणि अटींची लिंक निळी, अधोरेखित होती. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या अपील न्यायालयासमोर उबरचाच दुसरा स्क्रीन आला. तिथे लिंक होती करड्या चौकटीत, पांढऱ्या अक्षरांत. ही लिंक आहे हे सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही, असं म्हणत न्यायालयाने करार लागू करायला नकार दिला. कंपनी तीच, पण स्क्रीन बदलला आणि निकाल उलटला.

अटी कुणी वाचत नाही, हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं. पीसी पिटस्टॉप या अमेरिकी कंपनीने आपल्या करारात एक कलम घातलं होतं: हे वाचणाऱ्याने ईमेल करावा, पैसे मिळू शकतील. चार महिन्यांत तीन हजारांहून अधिक डाउनलोड झाले, तेव्हा कुठे पहिला ईमेल आला. त्या एकाला 1,000 डॉलर मिळाले.

न वाचलेलं कलम कुठवर पोचतं, हे 2024 मध्ये दिसलं. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या संकुलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवल्यानंतर एका डॉक्टर महिलेचा ॲलर्जीने मृत्यू झाला, असा दावा तिच्या पतीने केला. तुम्ही 2019 मध्ये डिस्ने प्लस मोफत वापरून पाहताना लवाद मान्य केला होता, असा बचाव डिस्नेने मांडला. जनक्षोभ उसळला आणि कंपनीने तो मागे घेतला. चित्रपट बघायला दिलेला होकार मृत्यूच्या दाव्यावर लादला जावा, ही कल्पनाच संतापजनक आहे.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 10-अ कलमामुळे करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद होत नाही. पण 1872 च्या करार कायद्यानुसार संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणं. दडवलेल्या अटीला ती कशी मिळणार? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली. त्याच कायद्याखालच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे 13 प्रकार निषिद्ध ठरवले. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे.

सूचना आपल्या भाषेत वाचण्याचा हा हक्क आपण मागितलाच पाहिजे. आणि मोठी खरेदी करताना किंवा वर्गणी भरताना बटण दाबायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. कंपनी पान उद्या बदलू शकते, आणि वाद झालाच तर सगळा प्रश्न हाच असेल की त्या दिवशी तुम्हाला काय दिसत होतं.