गाडीचे आवाज (५) : शिवडीकडे जातानाच जास्त का घोंगावतं?

टायरचा आणि इंजिनाचा आवाज मागच्या लेखांकांत हातावेगळा केला. आता उरला वारा. ‘विंड नॉइज’ म्हणून जी तक्रार गॅरेजमध्ये नोंदवली जाते, तिचं नव्वद टक्के निदान अंदाजानं होतं, आणि अंदाज चुकला की खर्च गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. हा टक्क्यांचा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजणीचा नाही. पण नवी मुंबईकरांना निदानाची एक जागा आयती मिळालेली आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांब आहे आणि त्यातला १६.५ किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. दुतर्फा झाड नाही, इमारत नाही, सिग्नल नाही. दुचाकी आणि रिक्षांना बंदी असल्यामुळे त्यांचा गोंगाट नाही. चारचाकीला ताशी १०० किलोमीटरची परवानगी असल्यानं वेगही बराच वेळ एकसारखा ठेवता येतो. पामबीच मार्गावर किंवा सायन-पनवेल रस्त्यावर ज्या आवाजात दहा आवाज मिसळलेले असतात, तो इथे बराचसा निवळून ऐकू येतो.

या सेतूवर एक गोष्ट लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. पावसाळ्यात, किंवा दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की, नवी मुंबईकडच्या टोकाच्या चिर्ल्याकडून मुंबईतल्या शिवडीकडे जाताना गाडी जितकी घोंगावते तितकी परतीच्या वाटेवर घोंगावत नाही. काटा दोन्ही वेळा शंभरावरच असतो. इंजिन तेच, टायर तेच, रस्ताही जवळपास तसाच. बदलतो तो फक्त गाडीचा हवेशी असलेला वेग. सेतू साधारण पश्चिम-वायव्य ते पूर्व-आग्नेय असा टाकलेला आहे आणि पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. म्हणजे शिवडीकडे जाताना तो पुढून डावीकडून लागतो आणि परतताना मागून उजवीकडून. समजा, ताशी ३० किलोमीटरचा वारा पंचेचाळीस अंशांतून येतो आहे. जाताना गाडीला लागणारा वारा ताशी १२३ किलोमीटरचा होतो, येताना तो ८२ चा. वस्तूवर आपटणाऱ्या, तिच्यावरून घसरणाऱ्या हवेच्या आवाजाची ताकद वेगाच्या सहाव्या घातानं वाढते, हे १९५५ साली कर्ल यांनी गणितानं दाखवलं. त्याआधी, १९५२ मध्ये, जेट इंजिनाच्या निमित्तानं जेम्स लाइटहिल यांनी या सगळ्या शास्त्राचा पाया घातला होता. सहावा घात म्हणजे वरच्या दोन वेगांत दहा डेसिबलहून थोडा जास्तच फरक, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. खऱ्या गाडीत हा हिशोब इतका तंतोतंत उतरत नाही, पण रोख तोच राहतो. त्यात आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. वारा डावीकडून आला की गाडीच्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे नेमकं चालकाच्या काचेबाहेर, समोरच्या काचेलगतच्या खांबामागचा भोवरा जास्त जोर धरतो. शिवडीकडे जाताना वेग आणि बाजू, दोन्ही कानाच्या विरोधात जातात.

टायरला वाऱ्याची दिशा कळत नाही. म्हणून काट्यावरचा वेग सारखा असताना दिशेबरोबर जो आवाज बदलतो तो वाऱ्याचा, आणि जो बदलत नाही तो रस्त्याचा किंवा यंत्राचा. ही चाचणी फुकट आहे. (टोल सोडून.) उलट बाजूनंही ताळा घेता येतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गाडी चढली की जो आवाज एकदम पट्टी बदलतो तो टायरचा. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलल्याबरोबर जो पडतो तो इंजिनाचा. दोन्ही ठिकाणी जो आपल्याच सुरात चालू राहतो, तो वारा. इतकं वेगळं न काढता खिशात हात घालणं मला पटत नाही, आणि या लेखात सांगायचं आहे ते हेच. वाऱ्याचा आवाज आधी शोधायचा असतो, मग बंद करायचा. बाजारात सगळं नेमकं उलट चालतं.

वाऱ्याचे आवाज दोन जातींचे. एक गळतीचा : दाराच्या रबरी बीडिंगमधल्या फटीतून हवा आत-बाहेर करते, तिची शिट्टी किंवा फुसफूस. हा आवाज एका जागेवरून येतो, बोट दाखवता येतं. दुसरा आकाराचा : हवा खांबावरून, आरशावरून, वायपरवरून फाटते, भोवरे करते आणि ते काचेवर आपटतात. हा भरडा, पसरलेला असतो. कुठून येतो ते सांगता येत नाही. तारेवरून वारा गेला की सूर का लागतो, हे चेक शास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये मोजलं होतं. त्याच हिशोबानं पाच मिलिमीटर जाडीची साधी गुळगुळीत अँटेना ताशी शंभरला अकराशे हर्ट्झच्या आसपास वाजते. अँटेनेभोवती पीळ दिलेली तार दिसते ती नक्षी नव्हे. तिच्यामुळे भोवरे एका तालात सुटत नाहीत आणि सूर मोडतो. छतावरच्या कॅरिअरच्या आडव्या दांड्या जाड, म्हणून त्या खर्जात घुमतात. आणि आपल्याकडचा सर्वांत मोठा आरोपी म्हणजे व्हायझर. पावसात काच बोटभर उघडी ठेवता यावी म्हणून लावलेली ती प्लॅस्टिकची पट्टी बरोबर खांबामागच्या भोवऱ्यात, कानापासून हातभर अंतरावर बसते. कोकणातल्या पावसाला ती सोयीची आहे हे मान्य. पण व्हायझर लावून मग शांत गाडी मागणं म्हणजे चाळणीत पाणी मागण्यासारखं आहे.

आता ‘डॅम्पिंग’. चारही दारांत ब्यूटाइलची शीट मारली की गाडी शांत होते, असा ठाम समज आहे, आणि तो पूर्ण खोटाही नाही. पत्रा थरथरायचा थांबतो, दार ‘ठण्ण’ऐवजी ‘धप्प’ असं लागतं, स्पीकरचा आवाज भरदार होतो. त्या ‘धप्प’वरच गिऱ्हाईक खूश होतं. पण वाऱ्याचा जो आवाज बोलणं बुडवतो, तो मधल्या आणि वरच्या पट्टीतला असतो आणि दाराच्या पत्र्यातून फारसा येतच नाही. तो काचेतून आणि फटीतून येतो. फटीचा हिशोब तर फार निष्ठुर आहे. अर्धा चौरस मीटर काच धरा. तिच्या कडेला पन्नास सेंटिमीटर लांब आणि फक्त एक मिलिमीटर रुंद फट असेल, तर ती पाच चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे क्षेत्राच्या हजारातला एक भाग. एवढ्यानं त्या काचेची आवाज अडवण्याची क्षमता तीस डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही, मग बाकीची काच वीतभर जाड का असेना. भिंत कितीही जाड बांधा, खिडकी उघडी असेल तर शेजाऱ्याचा टीव्ही ऐकू येणारच. डॅम्पिंग वाईट नाही. ते खडबडाटाचं औषध आहे, घोंगावण्याचं नाही.

मग शोधायचं कसं? मास्किंग टेपनं. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी टेप, दीड-दोन इंच रुंद. संशयित दाराच्या सगळ्या सांध्यांवर बाहेरून ती चिकटवायची : दार आणि छत यांच्यामधली खाच, खांबाची कड, आरशाच्या बुडाचा त्रिकोण, काच जिथे रबरात शिरते ती रेषा. टेप नीट दाबून, कड उचलली न राहील अशी. नाहीतर टेपच वाजायला लागते. चालकाचं दार सील करायचं तर त्यानं दुसऱ्या बाजूनं आत शिरायचं. समोरच्या काचेवरून किंवा आरशावरून दिसणं अडता कामा नये. मग कळंबोलीहून द्रुतगती मार्गावर एकाच वेगानं ठरलेलं अंतर जायचं. आवाज जैसे थे राहिला तर फट निर्दोष, दोष आकाराचा. आवाज पडला तर पुढच्या खेपेला एकच पट्टी काढायची, तेच अंतर, तोच वेग. जी पट्टी काढल्यावर शिट्टी परत येते, तिच्याखाली चोर. पट्ट्या काढण्यासाठी पेट्रोल पंपावर किंवा फूड मॉलच्या आवारात थांबायचं, रस्त्याच्या कडेला नाही. अटल सेतूवर तर थांबायचंच नाही, तिथे फक्त ऐकायचं. कामाला अर्धा दिवस जातो, आणि म्हणूनच कुठलाही गॅरेजवाला तो आपणहून करत नाही. त्याला दोष देता येत नाही, कारण शोधण्याचे पैसे द्यायला कोणी तयार नसतं, बदललेल्या सामानाचे द्यायला सगळे तयार असतात.

यावर एक रास्त आक्षेप येतो : टेप लावली म्हटल्यावर आवाज कमी झाल्यासारखं वाटणारच. खरं आहे, कान भोळा असतो. म्हणून पट्टी एकानं काढावी आणि ऐकणाऱ्यानं कुठली काढली ते विचारू नये. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं अॅप प्रयोगशाळेच्या तोडीचं नसतं. पण तोच फोन, त्याच जागी, त्याच वेगाला ठेवला तर आधी आणि नंतरचा फरक सांगायला ते पुरतं. त्यातला आकडा खरा मानू नये, दोन आकड्यांमधलं अंतर मानावं. मात्र दोन्ही खेपा एका दिशेच्या हव्यात. सकाळी जाताना मोजलं आणि संध्याकाळी येताना मोजलं, तर टेपचा नाही, खाडीवरच्या वाऱ्याचा हिशोब हाती येईल.

दुसरा आक्षेप नव्या गाडीवाल्यांचा : आठ महिन्यांची गाडी, बीडिंग कोरं करकरीत, फट येईल कुठून? फट उभ्या गाडीत नसते, धावत्या गाडीत होते. ताशी शंभरला हवेचा दाब ४६० पास्कलच्या घरात जातो, आणि बाजूच्या काचेबाहेर तो ओढीच्या रूपात काम करतो. ही ओढ अर्ध्या चौरस मीटरवर पूर्ण लागली तर ती तेवीस किलो वजनाइतकी होते, जागेनुसार कमी-जास्त. दाराची वरची चौकट त्या ओढीनं केसभर बाहेर झुकते आणि बंद असलेलं बीडिंग ओठ सोडतं. त्यामुळे पाण्याच्या पाइपानं धुतल्यावर आत थेंब आला नाही, एवढ्यानं बीडिंग पास होत नाही. त्यापेक्षा दहा रुपयांची नोट बरी. ती बीडिंगवर ठेवून दार लावायचं आणि हळू ओढायची. घट्ट, कुरकुरत निघाली पाहिजे. दाराभोवती वीत-वीत अंतरावर हेच करत गेलं की एखाद्या ठिकाणी, बहुधा वरच्या मागच्या कोपऱ्यात, नोट लोण्यातून सुरी निघावी तशी सुटते. तिथे बीडिंग बदलायची घाई करू नये. खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे कडी ज्यात अडकते तो लोखंडी आकडा, मिलिमीटरभर आत सरकवला की पुष्कळदा नोट पकडली जाते. दाराला ठोकर लागून डेंटिंग झालेलं असेल तर स्ट्रायकरवर भागत नाही. चौकटच जागेवर आणावी लागते.

बाजारात मिळणारं जादा चिकटवायचं बीडिंग हा तिसरा मोह. कधी उपयोग होतो, नाही असं नाही. पण जाड रबर दाराला बाहेर ढकलतं. दार पुढच्या पत्र्यापेक्षा दोन मिलिमीटर उंच राहिलं की हवा त्या पायरीवर आपटते. गळती जाते आणि आकाराचा आवाज येतो, शिवाय दार आपटून लावायची सवय लागते ती वेगळीच. आणि उत्साहाच्या भरात दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं कोणी बुजवू नयेत. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत दारात साचलेलं पाणी दोन पावसाळ्यांत पत्रा खातं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची तक्रार वेगळ्या सुराची असते : ‘एवढी महाग गाडी, आणि वारा पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त.’ बहुतेक वेळा वारा तेवढाच असतो, फक्त त्याच्यावर पांघरूण घालणारं इंजिन गेलेलं असतं. निरव खोलीत घड्याळाची टिकटिक मोठी होते, तसंच हे. टेपची चाचणी इथेही तीच, पण अपेक्षा आधी बेताची ठेवलेली बरी.

फटी मिटल्या, व्हायझर आणि कॅरिअर उतरले, तरी जे उरतं ते काचेतून येतं. बाजूची साधी टफन काच साडेतीन मिलिमीटरच्या आसपास असेल तर साडेतीन हजार हर्ट्झच्या जवळ ती आवाजाला जवळपास वाट करून देते, आणि कान सर्वांत तिखट असतो तोही याच पट्ट्यात. महागड्या गाड्यांत दोन काचांमध्ये मऊ पडदा घातलेली अकूस्टिक काच असते ती यासाठी. आपल्या मॉडेलला कंपनी ती देत असेल तर ठीक. नसेल तर काचेवर फिल्म चिकटवून तो परिणाम मिळत नाही. अशा वेळी एक उपाय उरतो, त्याला गॅरेजची गरज नाही. ताशी १०० वरून ८० वर आलं की वाऱ्याचा आवाज सहाव्या घाताच्या हिशोबानं सहाएक डेसिबलनं उतरतो, आणि सेतूचा पाण्यावरचा साडेसोळा किलोमीटरचा टप्पा दहा मिनिटांऐवजी साडेबारा मिनिटांत पार होतो.