पडदा नसलेले विमान

आमच्या बजाजनगरात संध्याकाळच्या गप्पांना पूर्वी दोनच विषय असत. नळाला पाणी कधी येणार आणि यंदा बोनस किती मिळणार. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आसऱ्याने ही वसाहत वाढली. ज्यांनी येथे पाळ्या करून स्कूटरी आणि मोटारसायकली जुळवल्या, त्यांची मुले शिकली आणि त्यांतली काही थेट न्यू जर्सीला जाऊन राहिली. तेव्हापासून ओट्यावरच्या बैठकीत सुनेचे बाळंतपण, दहा वर्षांचा व्हिसा आणि गुडघे हे तीन विषय गुण्यागोविंदाने एकत्र नांदू लागले आहेत. गुडघ्यांचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. सत्तरी उलटल्यावर ज्याने एका अरुंद खुर्चीत रात्र काढून अर्धी पृथ्वी ओलांडली असेल, त्याला तो विचारावा लागत नाही.

जेवणाच्या पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानावर नुसता थेंब वाढला, तर आपण त्याला पंक्तिप्रपंच म्हणतो आणि यजमानाला नावे ठेवतो. विमानात मात्र हा प्रपंच राजरोस चालतो. पुढच्या भागात माणसे पाय पसरून निजलेली, मध्ये एक पडदा, आणि पडद्यामागे आपण सगळे गुडघे समोरच्या पाठीला टेकवून बसलेले. मौज अशी की हा प्रपंच विमानाच्या जन्मापासूनचा नव्हे. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त असा 'टूरिस्ट' वर्ग १९५२ मध्ये आला आणि 'इकॉनॉमी' १९५८ मध्ये. एअर इंडियाचे बोइंग ७०७ मे १९६० मध्ये लंडनवरून न्यूयॉर्कला जाऊ लागले, तेव्हा पुढे पहिला वर्ग आणि मागे इकॉनॉमी अशी दोनच घरे होती. 'बिझनेस क्लास' हे मधले घर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले. पुढे त्यानेच पहिल्या वर्गाला बहुतेक ठिकाणी गिळून टाकले, ही गोष्ट निराळी.

ही भिंत पाडावी असे वाटणारी माणसेही झाली. १९७७ हे साल त्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. त्या सप्टेंबरात फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज गृहस्थाने लंडन ते न्यूयॉर्क अशी 'स्कायट्रेन' सुरू केली. एका बाजूचे भाडे ५९ पौंड, जेवण हवे तर पदरचे पैसे टाकून, आणि आगाऊ आरक्षण नाही. रांगेत उभे राहा आणि चढा. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुटली. तिच्यात वर्गच ठेवले नव्हते. सारे प्रवासी सारखे. रेल्वेमंत्री होते मधु दंडवते. दुसऱ्या वर्गाच्या उघड्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी चढवली तीही त्यांनीच. वर्गकलहावर शेकडो ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण रात्रभर फळीवर पडून ज्याची कंबर धरली आहे, त्याला त्या सर्वांपेक्षा ही दोन इंचांची गादी अधिक समजते, असे माझे प्रांजळ मत आहे. लेकरांची कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये बुडाली. गादी मात्र टिकली.

दंडवत्यांनी सर्वांना खालच्या वर्गात एकत्र बसवले आणि मग तो वर्ग दोन इंच वर उचलला. याच्या नेमके उलट करून पाहण्याची कल्पना पाश्चात्त्यांना पुढे सुचली. सगळेच्या सगळे विमान बिझनेस क्लासचे करावयाचे आणि भाडे मात्र नेहमीच्या बिझनेस क्लासहून बरेच कमी ठेवावयाचे. २००५ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेडहून न्यूयॉर्कला दोन कंपन्या उडू लागल्या, ईऑस आणि मॅक्सजेट. ईऑसने बोइंग ७५७ विमानात अवघ्या ४८ खुर्च्या मांडल्या होत्या. २००७ मध्ये ल्यूटनहून सिल्व्हरजेट आणि पॅरिसहून लाव्हियाँ या दोन आणखी आल्या. आपल्याकडेही दक्षिणेत पॅरामाउंट नावाच्या कंपनीने २००५ मध्ये हाच खेळ छोट्या विमानांत मांडला होता. तो २०१० पर्यंत चालला.

अटलांटिकवरच्या चौघींची कहाणी तर वर्षा-दोन वर्षांतच आटोपली. मॅक्सजेट २००७ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी बंद पडली, ईऑस एप्रिल २००८ मध्ये आणि सिल्व्हरजेट मे महिन्यात. लाव्हियाँ तेवढी ब्रिटिश एअरवेजने विकत घेतली. त्या जुलैत खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले होते आणि या कंपन्यांची विमाने जुनी, तेलाची भुकेली. शिवाय बिझनेस क्लासचा खरा गिऱ्हाईक म्हणजे कंपनीच्या खर्चाने फिरणारा साहेब. त्याला दिवसातून चार-पाच विमाने हवी असतात. एक चुकले तर दुसरे. दिवसाला एक-दोन विमाने सोडणाऱ्याकडे तो फिरकतच नाही. राहता राहिले ते स्वतःच्या खिशातून पैसे मोजणारे, आणि ते भाव पाहून चार वेळा विचार करणारे.

नेमक्या या विचार करणाऱ्यांवरच भिस्त ठेवून 'ला कॉम्पनी' ही फ्रेंच कंपनी जुलै २०१४ मध्ये पॅरिसहून न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्कला उडू लागली. तिच्या स्थापकांत फ्रांत्झ इव्हलाँ होते आणि लाव्हियाँही त्यांचीच. लंडनची शाखा २०१५ मध्ये काढली आणि २०१६ मध्ये मुकाट्याने मिटवली. महामारीत मार्च २०२० पासून वर्षाहून अधिक काळ विमाने जमिनीवर राहिली. तरीही ती तगली, आणि २०२२ मध्ये मिलानहूनही उडू लागली. याचे मर्म तिच्या विमानात आहे. २०१९ मध्ये तिने एअरबस ए३२१निओ हे नवे, कमी तेल पिणारे विमान घेतले आणि त्यात ७६ खुर्च्या बसवल्या. याच जातीच्या विमानात आपली इंडिगो दोनशेवीसांहून अधिक माणसे बसवते. म्हणजे तिघांच्या जागेत एक, असा सरळ हिशेब. खुर्ची पूर्ण आडवी होते, पण आजूबाजूला कोठडी नाही, सरकते दार नाही. खुर्च्या दोन-दोनच्या जोडीने असल्यामुळे खिडकीपाशी बसलेल्याला उठायचे तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. मोठ्या कंपन्यांचा थाट येथे नाही. निजायला मात्र मिळते.

हे सारे मला ठाऊक होण्याचे कारण माझी आई. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे शस्त्रक्रियेचे, आणि बसून राहिली की पाय सुजतात. धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्या मुलीची मुंज नव्हे, पण मुंजीइतकाच मोठा असा नृत्याचा कार्यक्रम होता आणि आजीने यावे असा तिचा हट्ट होता. तिकिटे बहिणीनेच काढली. पॅरिस–नेवार्कचे परतीसह भाडे माणशी दोन लाखांच्या पुढे गेले. मोठ्या कंपन्यांनी त्याच मार्गावर बिझनेस क्लासचे जवळजवळ दुप्पट सांगितले होते, हे मी आईला पटवून देऊ लागलो.

"दुप्पट तू देणार होतास का?" आईने विचारले.

"नाही."

"मग वाचले कुठले? एवढ्या पैशांत तुझ्या बापाने घर बांधले."

यावर मराठीच्या प्राध्यापकाजवळही शब्द नसतात. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीने फोनवर रडून घेतले, तेव्हा कोठे आईने पासपोर्ट काढून दिला.

आता वाचकांपैकी कोणाच्या मनात हा बेत असेल, तर दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. मुंबईचे विमान पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरते आणि ला कॉम्पनीचे सुटते ते शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ओर्लीहून. बाहेर पडून जायचे म्हणजे भारतीय माणसाला शेंगेन व्हिसा हवा. अमेरिकेचा जवळ असून भागत नाही. शिवाय तिकिटे निरनिराळी, म्हणून सामान स्वतः उचलायचे, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरे तुमच्यासाठी थांबत नाही. आम्ही मध्ये एक रात्र पॅरिसला काढली. तो खर्चही त्याच वहीत मांडावा लागतो.

ओर्लीला विमानात शिरल्यावर आई खुर्चीत बसली, पण तिचे लक्ष मागे. थोड्या वेळाने मला म्हणाली, "बाकीचे लोक मागून चढतात का रे?"

"कोणते बाकीचे?"

"आपल्यासारखे."

मी सांगितले की मागे कोणी नाही, असेच सगळे. तिने उठून शेवटच्या ओळीपर्यंत फेरी मारली. परत येऊन म्हणाली, "खरंच की. पडदाच नाही." मग पहिल्यांदा तिने पाय वर घेतले. पुढच्या भागात पाय पसरण्याचा संकोच तिला मागच्या माणसांसाठी होता, पैशांसाठी तितकासा नव्हता, हे मला तोवर उमगले नव्हते. अर्थात ज्यांना हे भाडे परवडत नाही ती माणसे अटलांटिकवर दुसऱ्या विमानांत होतीच. पंगत एक झाली ती बाकीच्यांची पाने दुसऱ्या घरी मांडल्यामुळे. गीतांजलीची समता आणि ही समता यांत हा फरक आहे, आणि तो लहान नाही. पण त्र्याहत्तर वर्षांच्या बाईच्या पायांची सूज या तात्त्विक फरकाने उतरत नाही.

जातानाचे विमान दिवसाचे असते, आठ तासांच्या आसपास. त्यात बिछान्याचे चीज होत नाही. आई खिडकीतून ढग पाहत आणि मला जागे ठेवत बसली. येतानाचे मात्र रात्रीचे. नेवार्क सुटल्यावर तिने थोडेसे खाल्ले, चादर ओढली आणि झोपली. पाच तास. सकाळी पायांत चपला नीट बसल्या. पैशांचा हिशेब मांडायचाच असेल तर तो माझ्या मते येथे मांडावा. चांगल्या चवीच्या फ्रेंच चीजवर मांडू नये.

पॅरिसहून मुंबईपर्यंत नऊ तास पुन्हा आमच्या ओळखीचा वर्ग होता, पडद्यासकट. तेथे आईने मजेत शेजारणीशी गुडघ्यांच्या गोष्टी केल्या आणि उतरताना चपला हातात घेतल्या. मुंबईहून थेट न्यूयॉर्कला नेणारे विमान आणि त्यात पुढचा वर्ग, हा सोपा मार्ग आहे; तो परवडत नाही म्हणून तर हा द्राविडी प्राणायाम. आमच्या वसाहतीतल्या दोन-तीन घरांनी माझ्याकडून सगळा तपशील लिहून नेला. त्यांना मी हेच सांगितले की तरुण असाल तर या भानगडीत पडू नका. म्हातारे माणूस बरोबर असेल आणि लेक-जावई पैसे देणार असतील, तर येतानाच्या रात्रीपुरता तरी विचार करा.

ठाण्याला मावशीकडे दिवसभर विसावून रात्री देवगिरी एक्स्प्रेसने आम्ही निघालो. आईला खालचा बर्थ मिळाला होता. तिने शाल उशाला घेतली, आणि गाडी इगतपुरीला पोहोचायच्या आत तिला झोप लागली.