रयतच्या पाट्या : 1919 ते 1959

भाऊराव पाटलांना ‘कर्मवीर’ म्हणून हात जोडले की त्यांच्यातला मुत्सद्दी नजरेआड होतो. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि 9 मे 1959 रोजी भाऊराव गेले. या चाळीस वर्षांचा माग काढायचा तर शाखांवरच्या पाट्या ओळीने वाचाव्यात.

1924 मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि पुढे तिथल्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. भाऊराव मुळातले सत्यशोधक. ब्राह्मणेतर चळवळीचे आणि काँग्रेसचे तेव्हा फारसे सूत नव्हते. तरीही 1927 मध्ये शाहू बोर्डिंगचा नामकरण समारंभ त्यांनी करवून घेतला तो गांधीजींच्या हस्ते! एकाच मांडवात दोन्ही गोट आले. पुणे करारातल्या ऐक्याची खूण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. 1935 हे पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाचे वर्ष. त्या साली खादीधारी भाऊरावांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नाव बादशहाच्या सोहळ्याचे, शिकायला आली ती खेड्यातली पोरे. पुढे याच विद्यालयाला महात्मा फुल्यांचे नाव लागले.

या कॉलेजात तयार झालेल्या मास्तरांचा उपयोग लवकरच झाला. 1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आले, शाळा नसलेल्या गावांत व्हॉलंटरी शाळा काढण्याचे धोरण ठरले, आणि भाऊरावांकडे खेड्यात राहायला तयार असलेले शिक्षक होते. अशा पाचशेहून अधिक शाळा रयतने उभ्या केल्या.

याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. पाटी कुणाचीही असो, आतली पंगत तीच राहिली : सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, राबून शिकत. वसतिगृहाची चूल पेटती राहावी म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. गावोगावचे मूठ मूठ धान्यही त्याच चुलीसाठी येई. त्या मुठीमुळे संस्था गावाला आपली वाटे. भाऊरावांचे खरे राजकीय बळ ते होते. मंत्रिपदाच्या वाटेला ते गेलेच नाहीत.

या बळाची परीक्षा स्वातंत्र्यानंतर झाली. गांधीहत्येनंतर भाऊरावांनी गांधीजींच्या नावाने 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प सोडला होता. पण सरकारवर टीका करताना त्यांची जीभ कधी आवरली नाही, आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या सरकारने रयतचे अनुदान बंद केले. मुत्सद्दी माणसाने इथे नमते घ्यायचे असते. भाऊरावांनी ते घेतले नाही. जिथे जुळवून घेतल्याने मुलांचा फायदा होता तिथे ते वाकले. तोंड बंद ठेवणे ही अनुदानाची किंमत ठरली तेव्हा अडून बसले. हा फरक त्यांना कळत होता, म्हणून मी त्यांना मोठा संघटक मानतो. अखेर गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

1954 मध्ये रयतने कराडला कॉलेज काढले. त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे.