एकाच गिऱ्हाइकाची वाइन

त्बिलिसी : जॉर्जिया कोणाकडे झुकतो आहे, रशियाकडे की युरोपकडे, याची चर्चा इथे निवडणुकांच्या आकड्यांवरून होते. मला वाटते, ती पूर्वेकडच्या काखेती प्रांतातल्या सापेरावी द्राक्षावरूनही करता येईल. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो आणि गर पांढरट असतो. सापेरावीचा गरही लाल असतो, म्हणून तिची वाइन जवळजवळ काळी दिसते. अलाझानी नदीच्या खोऱ्यातल्या उन्हात या द्राक्षात साखर भरपूर चढते, तरी आंबटपणा उतरत नाही, त्यामुळे वाइन वर्षानुवर्षे टिकते. याच वाणापासून दोन टोकांच्या वाइन होतात : साखर न उरलेली, ओकच्या पिंपात मुरलेली मुकुझानी आणि आंबणे मध्येच थांबवून गोडवा राखलेली किंदझमाराउली. यातली कोणती किती करायची हे माती-हवेइतकेच गिऱ्हाईक ठरवते, आणि जॉर्जियाचे दुर्दैव असे की फार काळ त्याला गिऱ्हाईक एकच होते.

सोव्हिएत काळात काखेतीचे काम संघराज्याला भरमसाट वाइन पुरवण्याचे. 1985 मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम काढली आणि मॉस्कोतल्या निर्णयाने इथले मळे उपटले गेले. स्वातंत्र्यानंतरही बाजार तोच राहिला. मार्च 2006 मध्ये रशियाने कीटकनाशकांचे कारण देऊन जॉर्जियन वाइनची आयात बंद केली. ही पश्चिमेकडे वळल्याची शिक्षा आहे, असे जॉर्जियाचे म्हणणे होते. बंदी 2013 मध्ये उठली. मधल्या वर्षांत उत्पादकांना नव्या देशांत जावे लागले, आणि तिथल्या जाणकारांनी विचारणा केली ती कोरड्या सापेरावीची आणि क्वेव्रीतल्या वाइनची. क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाश्यांचे मेण लावलेला मातीचा प्रचंड रांजण. ही रीत कारखान्यांनी नव्हे, शेतकऱ्यांनी घरच्या वापरासाठी जिवंत ठेवली होती. 2013 मध्येच युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतले.

म्हणजे बंदी हे वरदान ठरले का? असे म्हणणे बंदीनंतरच्या शरद ऋतूत द्राक्षे पडून राहिलेल्या लहान शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. माझा मुद्दा एवढाच की दुसरे दार उघडल्यावरच या द्राक्षाची पूर्ण ताकद जगाला दिसली. गोड वाइन ही रशियन आवडीने लादलेली आहे, हेही पूर्ण खरे नाही. राचा प्रांताच्या डोंगरांत थंडीमुळे आंबणे आपसूक थांबते, आणि तिथली ख्वांचकारा ही गोड वाइन अस्सल जॉर्जियन आहे. पण काखेती उष्ण आहे. तिथे तो गोडवा यंत्राच्या थंडाव्याने राखावा लागतो, आणि मोठी मागणी नसती तर एवढ्या प्रमाणावर कोणी तो राखला नसता.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे : युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतरही वाइनच्या निर्यातीचा निम्म्याहून जास्त वाटा रशियालाच जातो. कारण सरळ आहे. तिथल्या गिऱ्हाइकाला या वाइनची नावे पाठ आहेत, माल काकेशसच्या एका घाटातून उतरतो. लंडनमध्ये मात्र प्रत्येक बाटलीबरोबर देशही समजावून सांगावा लागतो. आज माल खपतो आहे हे लहान शेतकऱ्याला पुरेसे वाटणे स्वाभाविक आहे, त्यात त्याचा दोष नाही. धोका मात्र तसाच आहे. जून 2019 मध्ये त्बिलिसीत संसदेसमोर रशियाविरोधी निदर्शने झाली आणि काही दिवसांतच मॉस्कोने थेट विमाने थांबवण्याचे जाहीर केले, जॉर्जियन वाइनची तपासणीही कडक केली. तेवढ्या दिवसांत पिंपांतली वाइन काही बदलली नव्हती.