शंभरातले पंधरा

देणगी गोळा करून देणाऱ्या कंपनीने त्यातला किती वाटा स्वतःकडे ठेवावा, हा वाद १९८० ते २००३ या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात चार वेळा गेला. शॉमबर्ग गावाने ७५ टक्के रक्कम धर्मादाय कामावरच खर्चण्याची अट घातली होती, मेरीलँडने संकलनखर्चाला २५ टक्क्यांची मर्यादा घातली होती. १९८० आणि १९८४ मध्ये न्यायालयाने हे दोन्ही नियम रद्द केले, आणि १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचाही. देणगी मागणे हे भाषणस्वातंत्र्यात मोडते आणि नुसत्या टक्केवारीवरून लबाडी सिद्ध होत नाही, हे त्यामागचे सूत्र. ते मला पटते. नव्या किंवा लोकांना न रुचणाऱ्या कामासाठी पैसा उभा करायला खर्च जास्तच येतो.

पण मग व्यावसायिक संकलन परवडते की नाही, हे ठरवायचे कशावरून? २००३ च्या चौथ्या खटल्यात याचे उत्तर सापडते. व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांसाठीच्या ‘व्हिएतनाऊ’ संस्थेने फोनवरून देणग्या मागण्याचे काम कंपन्यांना दिले होते. १९८७ ते १९९५ दरम्यान सुमारे ७१ लाख डॉलर जमले. त्यातले ६० लाखांहून अधिक कंपन्यांनी ठेवले, संस्थेच्या हाती ११ लाखांच्या आसपास पडले. करार होताच तसा : शंभरातले ८५ कंपनीचे. देणगीदारांना मात्र ९० टक्के वा त्याहून अधिक रक्कम सैनिकांना मिळते असे सांगितले गेल्याचा आरोप होता. असे खोटे बोलल्यास फसवणुकीचा दावा चालू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने एकमताने दिला. त्या करारातले आणखी एक कलम मला ८५ टक्क्यांपेक्षा घातक वाटते : देणगीदारांच्या याद्या कंपनीच्याच ताब्यात राहणार होत्या.

यावर कुणी म्हणेल, संस्थेला काहीच न करता ११ लाख मिळाले, ते काय वाईट? हिशेबाच्या वहीत वाईट नाहीच. पण यादी हाती नसेल, तर संस्थेला त्या देणगीदाराला पुन्हा पत्रही धाडता येत नाही. आठ वर्षांनंतरही ती जिथल्या तिथेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एड्स आणि स्तनकर्करोगासाठी मोठमोठ्या सायकलफेऱ्या, पदयात्रा भरवणाऱ्या डॅन पॅलोटाची कंपनी २००२ मध्ये बंद पडली. तिच्यावर खर्चिकपणाची टीका झाली होती. त्याच्या सांगण्यानुसार, प्रायोजकाने कंपनीपासून फारकत घेतल्यावर स्तनकर्करोग संशोधनाला मिळणारे निव्वळ उत्पन्न वर्षभरात ८४ टक्क्यांनी घसरले. आकडा त्याचा स्वतःचा आहे, तेव्हा तो जपून घ्यावा. तरी मुद्दा खोटा नाही : जास्त खर्च करूनही संस्थेच्या पदरात जास्त पडू शकते. नवे देणगीदार मिळवताना पहिल्या वर्षी होणारा तोटा पुढच्या वर्षांत भरून निघतो, पण तेच देणगीदार संस्थेकडे परत येणार असतील तरच.

म्हणून विश्वस्तांनी करारावर सही करण्याआधी कमिशनच्या आकड्यावर घासाघीस जरूर करावी. पण नावे, पत्ते आणि फोन क्रमांकांची यादी करार संपल्यावर कुणाकडे राहणार, ते कलम आधी वाचावे.